गिलोटिनमध्ये सापडलेली मान आणि आठ दिवसांत उतरवलेलं सात किलो

पत्र : नमस्कार सर. मी कागलजवळच्या गावचा, वय २१. नऊ वर्षं तालमीत काढली, गादीवर जिल्ह्यात पदकं आहेत. दीड वर्षापूर्वी पुण्यात येऊन एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा खेळ) सुरू केलं. दोन हौशी लढती झाल्या. पहिली पॉइंटवर जिंकलो. दुसरीत, दुसऱ्या फेरीत पट काढायला (पाय धरून पाडायला) गेलो आणि गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून गळ्याला घातलेल्या हाताच्या फासात, सापडलो. टॅप केलं नाही (थाप मारून हार मानली नाही), डोळ्यांपुढं अंधारी आली, रेफरीनं सोडवलं. त्या लढतीसाठी आठ दिवसांत ७७ किलोवरून ७० वर आलो होतो. शेवटच्या दिवशी एक पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी घेतली. दुसऱ्या फेरीत हातात जीवच नव्हता. आता एक आयोजक तीन आठवड्यांनी प्रोफेशनल लढत देतोय, ६६ किलोत. आमच्याकडं आठवड्यातून चार दिवस फुल स्पॅरिंग (पूर्ण जोरात सरावाची लढत) असतं. रोज रात्री माजी चॅम्पियन खबीब आणि बाकीच्या मोठ्या फायटरांच्या लढती बघतो, पण त्यांच्याकडून नेमकं काय उचलायचं ते कळत नाही. ता. क. मांडीवर गजकर्ण झालंय. मलम लावलं की जातं, आठवड्यानं परत येतं.
— एक पैलवान

उत्तर :

पैलवान,

घाईचं आधी सांगतो. तीन आठवड्यांनंतरची ६६ किलोची लढत घेऊ नकोस. फेदरवेट या वजनगटाची मर्यादा १४५ पौंड, म्हणजे ६५.८ किलो. ७७ वरून तिथे यायचं तर अंगाचा सातवा हिस्सा उतरवावा लागेल. सात किलोत तुझ्या हातातला जीव गेला, अकरा किलोत काय होईल याचा हिशोब तूच कर. आयोजकाला रिकामी जागा भरायची आहे. त्याची गरज खरी आहे, पण ती त्याची गरज आहे.

आता तुझा खरा प्रश्न, मोठ्यांकडून काय शिकायचं हा. रात्री तू बघतोस त्या बहुतेक कापलेल्या क्लिपा असणार: उचलून आपटलं, गळा आवळला, हात वर. त्यात शेवटची वीस सेकंदं असतात. अनुभवी फायटरचं कसब त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत असतं आणि ते बघायला कंटाळवाणं असतं. हरण्याच्या वाटा तो एकेक करून बंद करत असतो. म्हणून आठवड्याला एकच लढत घे, पण पूर्ण घे, आणि कॉमेंट्रीचा आवाज बंद करून तीनदा बघ. पहिल्यांदा फक्त पाय बघायचे: कोण केजच्या (जाळीच्या पिंजऱ्याच्या) मध्यावर आहे, कोणाची टाच जाळीला लागतेय. दुसऱ्यांदा, डाव फसल्यानंतरची पाच सेकंदं. टेकडाऊन (खाली पाडणं) अडलं तेव्हा डोकं कुठे होतं, हात कुठे गेले, तो उठला कसा. तिसऱ्यांदा घड्याळ लावून बघ, दम कुठे खाल्ला आणि कुठे खर्च केला. वहीत तीनच ओळी लिही आणि त्यातली एक गोष्ट त्या आठवड्यात जिममध्ये करून बघ. सगळं उचलायला गेलास तर काहीच हाती लागणार नाही.

आता तुझ्या मानेकडे येऊ, कारण हा फक्त तुझा प्रश्न नाही. कुस्तीतून आलेल्या अनेकांची पहिली मोठी हार गळ्यातून किंवा कोपरातून येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये भरत खंदारे शांघायमध्ये यूएफसी या अमेरिकेतल्या मोठ्या एमएमए कंपनीच्या लढतीत उतरला, भारतातून तिथे पोचलेला पहिला फायटर. तोही कुस्तीतलाच. चीनच्या सोंग यादोंगनं पहिल्याच फेरीत गिलोटिन लावून लढत संपवली. डिसेंबर २०२१ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए कंपनीच्या ग्रांप्री फायनलला कुस्तीतूनच आलेली ऋतू फोगाट स्टॅम्प फेअरटेक्ससमोर उभी होती. स्टॅम्प मूळची थाई बॉक्सर, आणि दुसऱ्या फेरीत तिनं ऋतूला संपवलं ते आर्मबारनं, म्हणजे कोपर उलटं ताणून. कुस्ती कमी पडली असं यातून काढू नकोस. कुस्तीनं शरीराला ज्या सवयी लावल्या, त्यातल्या तीन-चार इथे महागात पडतात, आणि दमल्यावर माणूस सवयीवरच जातो.

पहिली सवय पट काढून गुडघ्यावर थांबण्याची. गादीवर तू एकेरी पट काढलास आणि समोरच्यानं पाय मागे फेकून अंगावर भार टाकला, तर तू तसाच खाली थांबून दम घेऊ शकतोस. तो फार तर मागे फिरून दोन गुण घेईल. केजमध्ये तीच जागा गिलोटिनची. तुझं डोकं खाली, मान पुढे, त्याची बगल तुझ्या मानेवर. हात फक्त हनुवटीखाली सरकवायचा बाकी. म्हणून पटाला जाताना चार गोष्टी तपास. एकेरी पटात डोकं आतल्या बाजूला हवं, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, कपाळ त्याच्या छातीत वरच्या दिशेनं दाबलेलं. पाठ सरळ, नजर समोर. नजर गादीकडे गेली की मान आपोआप मोकळी पडते. दुहेरी पटात डोकं बाहेर असतं, तिथे सरळ रेषेत ढकलत राहू नकोस, डोक्याच्या बाजूनंच दाबत कोपरा काप. आणि पकड लागल्यावर दोन सेकंदांत काम झालं नाही तर दोनच पर्याय ठेव: पाय चालवत उभं राहून त्याला जाळीपर्यंत न्यायचं, नाहीतर पकड सोडून बाहेर यायचं. गुडघ्यावर थांबणं हा पर्यायच नाही.

तरीही गळ्यात हात पडलाच, तर ताकद लावून डोकं मागे ओढू नकोस. सगळे तेच करतात आणि फास आणखी बसतो. आधी दोन्ही हातांनी त्याचं गळ्याखालचं मनगट धर आणि खाली ओढ, हनुवटी छातीला लाव. श्वासापुरती जागा झाली की एक हात मनगटावरच ठेवून दुसरा त्याच्या पलीकडच्या खांद्यावरून पाठीवर टाक. कंबर त्याच्याजवळ ने आणि ताठ उभा राहा. खाली गेलात तर त्याच्या दोन पायांच्या मध्ये पडू नकोस. त्यानं पाय कमरेला बांधले की फास पूर्ण झाला. तुझं डोकं त्याच्या उजव्या बगलेत असेल तर तुझं धड त्याच्या डावीकडे न्यायचं. म्हणजे डोकं ज्या बाजूला, शरीर त्याच्या विरुद्ध. तिथे पोचलास की त्याच्या हाताला जोर उरत नाही, आणि त्यानं हट्टानं गळा धरून ठेवला तर तुझाच खांदा त्याच्या गळ्यावर येतो. त्याला व्हॉन फ्लू चोक म्हणतात. ओव्हिन्स सेंट प्रूनं यूएफसीत याच एका डावावर चार लढती जिंकल्या आहेत. सराव असा: जोडीदारानं निम्म्या ताकदीनं गिलोटिन लावूनच सुरुवात करायची, दोन्ही बाजूंना आठ-आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दहा मिनिटांचं काम आहे, ते वॉर्मअपमध्येही होतं.

दुसरी सवय चितपट होण्याची भीती. पाठ टेकली की कुस्ती गेली, हे नऊ वर्षं अंगात भिनलंय, म्हणून खाली पडताना तू पोटावर वळणार. इथे पोटावर वळणं म्हणजे पाठ देणं, आणि पाठीवर बसलेला माणूस पायांच्या आकड्या घालून मागून गळा धरतो. पाठ टेकली तर बेल वाजत नाही हे शरीराला पटवायला वेळ लागेल. पडलास की एका कुशीवर ये, कोपर टेक, दुसरा हात आणि गुडघा त्याच्या नि तुझ्या मध्ये घाल, ढुंगण सरकवत जाळीपर्यंत जा, पाठ जाळीला लाव, एक हात त्याच्या बगलेखालून घाल आणि मग पाठ घासत उभा राहा. जाळी बोटांनी धरायची नाही. तो फाउल आहे. तुमच्या जिममध्ये केज नसेल तर गादी लावलेली भिंत चालते.

तिसरी, वर बसल्यावर हात गादीवर टेकवण्याची. समोरचा पाठीवर असून त्याचे पाय तुझ्या कमरेला असतील, तेव्हा टेकवलेला हात हा आर्मबारला दिलेला हात आहे. तुझी कोपरं बरगडीला, तळवे त्याच्या दंडावर किंवा कमरेवर. आणि ढाक जपून. गळा-हात धरून मारलेली ढाक बसली तर टाळ्या पडतील, फसली तर तो थेट तुझ्या पाठीवर असेल. पहिल्या फेरीत, अंग कोरडं असताना एखादी ठीक. घामानं निसरडं झाल्यावर विसर.

खबीबकडून घ्यायचं ते इथूनच सुरू होतं. २९ लढती, एकही हार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जस्टिन गेथजीला हरवून तो थांबला. तू त्याची टेकडाऊन बघतोस. टेकडाऊननंतर तो पाय कुठे ठेवतो ते बघ. समोरचा जाळीला पाठ लावून बसलेला असतो, पाय पुढे पसरलेले. खबीब स्वतःच्या पायांनी त्याच्या दोन्ही नडग्या एकत्र बांधतो, घोट्याजवळ गाठ मारल्यासारख्या. आता उठायला त्याच्याकडे पाय नाहीत, म्हणून तो एक हात गादीवर टेकवतो. खबीब नेमकं तेच मनगट पाठीमागून धरून ओढतो. टेकू गेला की माणूस पुन्हा कुशीवर पडतो, आणि खबीबचा दुसरा हात मोकळाच असतो, तोंडावर आखूड ठोसे द्यायला. ठोसे चुकवायला हात वर घेतला तर उठता येत नाही, उठायला हात खाली घेतला तर ठोसा लागतो. या डावात ताकद फारशी खर्च होत नाही, म्हणून तो तिसऱ्या-चौथ्या फेरीतही चालायचा.

नवशिके हा डाव करतात तेव्हा दोन ठिकाणी बिघडतो. पायांची गाठ गुडघ्याच्या वर मारतात. मग समोरचा एक गुडघा उपसून काढतो आणि सगळं सुटतं. गाठ खाली, भार कमरेवर. दुसरं, दोन्ही हातांनी त्याला घट्ट मिठी मारून बसतात. हाताचे स्नायू दोन मिनिटांत भरून येतात, ठोसा एकही जात नाही, आणि रेफरी उभं करतो. तुला दुसऱ्या फेरीत हातात जीव नव्हता त्याचं निम्मं कारण वजन असेल, निम्मं ही मिठी असू शकेल. तुझ्या लढतीचा व्हिडिओ असेल तर बघ, किती वेळ नुसतं आवळत होतास.

उभ्याच्या खेळात यूएफसीचा माजी चॅम्पियन जॉर्ज सेंट पिएर याच्याकडे बघ. तो मूळचा कराटेचा. कुस्ती नंतर शिकला आणि तरी भल्याभल्या कुस्तीगिरांना पाडत गेला, कारण त्याचा पट जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) आडून यायचा. समोरचा जॅब अडवायला हात वर घेतो किंवा स्वतः ठोसा टाकतो, त्याच क्षणी हा खाली. तू लांबून, नुसत्या वेगावर जात असशील तर समोरच्याला तुझा पट दिसतो. डिसेंबर २०१० मध्ये त्यानं जॉश कॉशेकला पाच फेऱ्या बहुतेक जॅबवरच ठेवलं आणि त्याच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. कॉशेक म्हणजे अमेरिकेतला कॉलेज चॅम्पियन कुस्तीगीर. रोज तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या फक्त डावा हात, आणि प्रत्येक चौथ्या जॅबनंतर पटाची उतरण. पूर्ण पट नको, फक्त गुडघे वाकवून पातळी बदलायची.

आणि तुझा उभं राहण्याचा ढंग बदल. कुस्तीत पुढच्या पायावर भार असतो. त्याच पायाच्या पोटरीवर बाहेरून लाथ बसते; गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला लपेटून अगदी कातडीजवळून जाते, तिला मार बसला की पाऊल उचलतच नाही. जानेवारी २०२१ मध्ये डस्टिन पॉइरिएनं कॉनर मॅकग्रेगरचा पाय असाच बधिर केला आणि मग हातांनी संपवलं. भार जवळजवळ समान ठेव, लाथ येताना दिसली की पाऊल जरा उचलून गुडघा बाहेर फिरव, म्हणजे ती नडगीवर बसेल. दुखेल, पण त्यालाही दुखेल.

आता वजन. इथे सगळ्यात जास्त नक्कल होते आणि सगळ्यात चुकीची होते. प्रोफेशनल लढतीत वजन बहुधा आदल्या दिवशी सकाळी होतं. नंतर तीसेक तास मिळतात. हौशी स्पर्धेत बहुतेक ठिकाणी लढतीच्याच दिवशी सकाळी होतं. म्हणजे मोठे फायटर जे पाणी उतरवतात ते परत भरायला त्यांना एक दिवस असतो, तुला तीन-चार तास. तेवढ्यात रक्तातलं पाणी पूर्ण भरून येत नाही, हृदय जास्त धडधडतं, पोटऱ्या-हात आखडतात. तुझी दुसरी फेरी तिथे गेली. आणि तीस तास मिळणाऱ्यांचंही सुरळीत होतं असं नाही. खुद्द खबीब मार्च २०१७ मध्ये वजन उतरवता उतरवता हॉस्पिटलात गेला आणि टोनी फर्ग्युसनविरुद्धची लढत आदल्या दिवशी रद्द झाली. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियानबिंग हा चीनचा २१ वर्षांचा फायटर, तुझ्याच वयाचा, मनिलामध्ये वजन उतरवताना गेला. त्यानंतर वन चॅम्पियनशिपनं नियमच बदलला. तिथे वजनासोबत लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे का ते बघतात.

पाण्याची गोळी पुन्हा नको. ती लघवीवाटे पाण्याबरोबर पोटॅशियमही काढते, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय ती वाडाच्या (खेळांतल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या) बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे. लढत नसतानाही सापडलास तर बंदी. वजन दिल्यावर सलाईन लावून घेणारी पोरं असतात, त्यातही १२ तासांत १०० मिलिलिटरच्या वर गेलं की नियमभंग, हॉस्पिटलच्या खऱ्या उपचाराचा भाग असेल तरच सूट.

मग करायचं काय? पुढच्या दोन-तीन हौशी लढती ७७ किलोतच खेळ. रोजचं वजन ७७-७८ असेल तर उतरवायला जेमतेम एक किलो. सत्तरच्या गटात जायचंच असेल तर आठ-दहा आठवडे आधी सुरू कर. आठवड्याला अंगाच्या अर्धा ते एक टक्का, तुझ्या बाबतीत साधारण अर्धा किलो, त्याहून जोरात नाही. असं ७३ पर्यंत आलास आणि वजन आदल्या दिवशी असेल, तर उरलेले अडीच-तीन किलो शेवटच्या तीन-चार दिवसांत जातात: पालेभाजी, कडधान्यं, भाकरी बंद करून पांढरा भात-अंडी-पनीरवर आलास की आतड्यातलं ओझं कमी होतं, मीठ कमी केलं की थोडं पाणी सुटतं, आणि शेवटच्या रात्री हलका घाम. प्लास्टिकचा सूट घालून उन्हात पळणं नाही, थुंकत बसणं नाही, आणि हे एकट्यानं कधीच नाही. वजन लढतीच्याच दिवशी असेल तर मर्यादेपासून दीड किलोच्या आत राहशील तोच गट तुझा.

तालमीचा खुराक एकदम बंद करू नकोस, पण त्याचा हिशोब कर. बदामाची थंडाई, वर तूप, दोन लिटर दूध हे दोन-तीन हजार बैठका मारणाऱ्यासाठी होतं. प्रथिनं किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे तुला ११५ ते १५० ग्रॅम रोज. कमी करायचं ते तूप आणि साखरेतून, अंडी-चिकन-दूध यातून नाही. वजन दिल्यानंतर जेवढं पाणी गेलं त्याच्या सव्वा ते दीडपट परत घालायचं: दोन किलो उतरले तर अडीच ते तीन लिटर, ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात मिसळून, घोट घोट, काही तासांत विभागून. नुसतं साधं पाणी ढोसलंस तर बरंचसं लघवीतून निघून जाईल. सोबत भात, दही, केळी, थोडा गूळ. तांबडा-पांढरा लढत झाल्यावर.

चार दिवस फुल स्पॅरिंग म्हणजे लढतीआधीच लढती देणं. ही पद्धत जुनी आहे आणि अनेक जुन्या फायटरांनी ती सोडली. मॅक्स हॉलोवेनं जानेवारी २०२१ मध्ये कॅल्विन केटरला पाच फेऱ्यांत ४४५ ठोसे-लाथा मारल्या, आणि त्या काळात तो जोरदार स्पॅरिंग करत नव्हता. तू लगेच शून्यावर जा असं नाही. त्याच्या मागे शेकडो फेऱ्यांचा अनुभव होता, तुझ्या मागे दीड वर्ष आहे. आठवड्यातून एक दिवस जोराचं, १६ औंसचे ग्लोव्ह, तीन ते पाच फेऱ्या, माउथगार्ड दंतवैद्याकडून मापाचं करून घेतलेलं. बाकीचे दिवस तीस-चाळीस टक्क्यांवर किंवा एकाच परिस्थितीचं: तू जाळीला, जोडीदार तुला पाडतोय, दोन मिनिटं, बदला. लढतीआधी शेवटचे दहा-चौदा दिवस जोराचं काहीच नाही. वस्तादांना हे सांगायला जड जाईल, तर त्यांनाच विचार, "सर, मला गिलोटिन आणि भिंतीवर काम करायचंय, दोन दिवस तेवढंच करू का?" बहुतेक वस्ताद अशा मागणीला नाही म्हणत नाहीत. म्हणालेच, तर तेही तुला काहीतरी सांगून जातं.

डोक्याला मार बसून झणका आला, उजेड सहन होईना, मळमळ, मधलं आठवत नाही, यातलं एकही असेल तर त्या दिवशी थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती झोप, दोन्ही बाहुल्या सारख्या नाहीत, झटका, असं काही दिसलं तर उशीर न करता मोठं हॉस्पिटल. नॉकआउटनंतर निदान तीस दिवस डोक्याला धक्का बसेल असं काही नाही, आणि त्यानंतरही लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरनं सोडल्यावरच.

टॅपचं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की पाच ते दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. तिथे सहनशक्तीचा काही संबंध नाही, मेंदूला रक्त मिळत नाही एवढंच. लढतीत तू टॅप केलं नाहीस, तो तुझा निर्णय. जिममध्ये मात्र लवकर टॅप कर, विशेषतः टाचेच्या आणि गुडघ्याच्या पकडीत. तिथे दुखायला लागेपर्यंत लिगामेंट गेलेलं असतं. तुझ्या जिममधल्या सीनियरना लवकर टॅप करणारा आणि स्वतः हळू लावणारा जोडीदार आवडतो. त्यांच्या लढतीआधी त्यांना असाच पोरगा लागतो, आणि त्या सहा आठवड्यांत त्यांच्या हाताखाली जे कळतं ते व्हिडिओत सापडत नाही. पण त्यांना "काय सुधारू?" असं मोघम विचारू नकोस. फेरी संपल्या संपल्या विचार, "तुम्ही माझ्या पाठीवर गेलात तेव्हा माझा उजवा हात कुठे होता?" अशा प्रश्नाला उत्तर मिळतंच.

हरण्याबद्दल तू लिहिलं नाहीस, पण पत्रात ते आहे. एप्रिल २००७ मध्ये मॅट सेरानं सेंट पिएरला पहिल्या फेरीत ठोशांनी पाडलं. सगळे सेंट पिएरच जिंकणार धरून होते. वर्षभरानं मॉन्ट्रियलला तेच दोघं परत आले, तेव्हा सेंट पिएर ठोशांची परतफेड करायला गेला नाही. त्यानं सेराला खाली नेलं, खालीच ठेवलं, दुसऱ्या फेरीत बरगड्यांवर गुडघे मारून संपवलं. त्या दोन्ही लढती सलग बघ. या महिन्याची तुझी वही तिथूनच भरेल.

प्रोफेशनलचं एवढंच. एकदा प्रोफेशनल झालास की हौशी स्पर्धांचं दार साधारणपणे बंद होतं, त्यामुळे आणखी पाच-सहा हौशी लढती होईपर्यंत घाई नको. पुढे करार आला तर सही करण्याआधी बघ: खेळल्याचे किती आणि जिंकल्याचे वेगळे किती, किती लढतींसाठी आणि किती महिने बांधून घेतायत, दुसरीकडे खेळता येईल का, जखम झाली तर खर्च कोणाचा, रक्ततपासण्यांचे पैसे कोण देणार. वजन चुकलं तर मानधनाचा वीस-तीस टक्के हिस्सा समोरच्याला जातो. पहिल्या लढतीत समोरचा ४-० (चार जिंकलेला, एकही न हरलेला) असेल तर का, हे विचार. कागद मराठीत समजावून सांगायला कोणी तयार नसेल तर सही करू नकोस. या आयोजकाला आज एवढंच कळव: "७७ किलोत, हौशी, दहा आठवड्यांची पूर्वसूचना असेल तर तयार आहे."

गजकर्णाचं. आठवड्यात जाणारं आणि परत येणारं मलम बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दुकानदार विचारल्याबरोबर देतो. स्टेरॉइडमुळे खाज आणि लाली दबते, बुरशी आत वाढत राहते. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ती बंद कर आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जा. साधं बुरशीनाशक मलम दोन ते चार आठवडे, डाग गेल्यावरही आठवडाभर लावावं लागतं. स्टेरॉइडनं बिघडलेलं असेल तर पोटातून गोळ्याही लागतात. तोवर कुस्ती आणि ग्रॅपलिंग बंद, बॅग आणि जॅबचा सराव चालू. प्रत्येक सरावानंतर लगेच आंघोळ, टॉवेल स्वतःचा, शॉर्ट्स गरम पाण्यात धुऊन उन्हात. आणि जिममध्ये सांग. लपवलंस तर महिन्याभरात निम्म्या पोरांना होईल आणि गादी रोज जंतुनाशकानं पुसायची वेळ सगळ्यांवर येईल, जी खरं तर आजही यायला हवी.